इंग्रजीच्या उजळणीत ओळ आधी, व्याख्या नंतर

सिमिली म्हणजे काय, असं विचारलं तर बारावीची मुलं झोपेतून उठूनही सांगतील: 'लाइक' किंवा 'ॲज' वापरून केलेली तुलना. आता त्याच मुलांसमोर फळ्यावर 'ही इज ॲज टॉल ॲज हिज ब्रदर' लिहा आणि अलंकार विचारा. सिमिलीसाठी बरेच हात वर होतील. एका भावाची उंची दुसऱ्या भावाशी मोजली, यात अलंकार कुठला? दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी शेजारी आणल्या आणि त्यातून एखादी बाजू नव्याने दिसली, तर ती सिमिली. 'ॲज आय एंटर्ड द रूम' मध्ये तर तुलनाच नाही, पण 'ॲज' दिसला की पेन चालायला लागतं. पाठ झाली ती खूण. ती तुलना ओळीत काय काम करते, हे पाठांतरातून कळत नाही.

म्हणून उजळणीचा क्रम उलटा हवा. ओळ आधी, नाव नंतर, आणि व्याख्या सर्वांत शेवटी, तीही मुलांच्या शब्दांत. पुढची उदाहरणं बारावीच्या युवकभारती या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातली आहेत, पण पद्धत आठवीपासून कुठेही चालते.

पहिला तास तीन रकान्यांना द्यावा. बहुतेक वह्यांमध्ये 'लिटररी टर्म्स' अशी एकच लांबलचक यादी असते, आणि तीही इंग्रजी वर्णक्रमाने: ॲलिटरेशन, अँटिथेसिस, ऑटोबायोग्राफी, बॅलड, क्लायमॅक्स. निम्मा गोंधळ या यादीतूनच जन्मतो. ॲलिटरेशन, म्हणजे शब्दांच्या आरंभी तोच आवाज पुन्हा येणं, एका ओळीत राहतं, बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं गीत हा अख्ख्या कवितेचा प्रकार आहे, आणि कालक्रम ही मजकुराची मांडणी आहे. तिन्ही एका माळेत ओवल्यावर 'या कवितेचा प्रकार कोणता?' या प्रश्नाला 'मेटाफर' (रूपक) असं उत्तर येतं, त्यात नवल नाही. यादी मोडावी आणि फळ्यावर तीन रकाने करावेत: अलंकार, मांडणी, साहित्यप्रकार. प्रत्येक रकान्याखाली ती गोष्ट कुठे शोधायची ते लिहावं. अलंकारावर बोट ठेवता येतं. दोन-चार शब्द अधोरेखित करता आले नाहीत तर तो अलंकार नव्हे. मांडणी पाहायला एक वाक्य पुरत नाही, परिच्छेदांचा किंवा कडव्यांचा क्रम पाहावा लागतो. साहित्यप्रकार ठरवायला संपूर्ण रचना नजरेसमोर हवी.

दोन संज्ञा मात्र इथे अडचणीत आणतात. अलंकारांतला क्लायमॅक्स म्हणजे चढत्या क्रमाने मांडलेल्या कल्पना: 'आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड'. कथानकातला क्लायमॅक्स वेगळा. गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाने 1863 मध्ये नाटकाच्या रचनेचा जो पिरॅमिड मांडला, त्याचं ते शिखर. तिथून कथेची दिशा फिरते. सर्वांत थरारक प्रसंग तोच क्लायमॅक्स असं मुलं धरून चालतात, ते दर वेळी खरं नसतं. दुसरी संज्ञा अपॉस्ट्रॉफी: एक विरामचिन्ह, दुसरा अलंकार. दोन्ही संज्ञा दोन-दोन अर्थांसकट पहिल्याच दिवशी सांगून टाकाव्यात.

एक कविता पुरेशी आहे

अलंकारांच्या उजळणीसाठी पुस्तकातल्या आठही कविता धावत फिरण्यापेक्षा एकच कविता घेऊन एक संपूर्ण तास तिच्यावर घालवावा. सरोजिनी नायडूंची 'इंडियन वीव्हर्स' यासाठी फार चांगली आहे. 1905 च्या 'द गोल्डन थ्रेशोल्ड' या संग्रहातली ही कविता: चार-चार ओळींची तीन कडवी, सगळी मिळून बारा ओळी. पण तिन्ही रकाने त्यात भरतात.

आधी सोपं. बाळाचं वस्त्र खंड्या पक्ष्याच्या पंखासारखं निळं, राणीचा लग्नातला पडदा मोराच्या पिसांसारखा जांभळा-हिरवा, मृताचं कफन पिसासारखं आणि ढगासारखं पांढरं. तीन कडव्यांत सिमिली आहेत. 'प्लूम्स', 'पीकॉक', 'पर्पल' हे ॲलिटरेशन. 'हॅल्सियन वाइल्ड' आणि 'मूनलाइट चिल' मध्ये विशेषण नामाच्या मागे गेलं, म्हणजे इन्व्हर्शन. इथपर्यंत वर्ग येतो.

आता खरी कसोटी. कवयित्री विणकरांना हाक मारते, म्हणून बरीच मुलं अपॉस्ट्रॉफी लिहितात. पण विणकर समोर आहेत, जिवंत आहेत आणि उत्तरही देतात. अपॉस्ट्रॉफीत हाक जाते ती समोर नसलेल्या माणसाला, मृताला, निर्जीव वस्तूला किंवा मृत्यू, काळ अशा कल्पनेला. इथे आहे तो प्रश्नोत्तराचा संवाद, म्हणजे मांडणी. एकाच प्रश्नातून पहिला आणि दुसरा रकाना वेगळे होतात, आणि ते मुलांना स्वतःला करू द्यावं.

मग प्रतीक. पहाट, संध्याकाळ आणि चांदणी रात्र या वेळा म्हणजे जन्म, तारुण्य आणि मृत्यू. हे सगळ्यांना सांगता येतं, कारण गाइडात छापलेलं असतं. त्यापुढचा प्रश्न गाइडात सहसा नसतो: तिसऱ्या कडव्यात काय बदललं? पहिल्या दोन कडव्यांत 'का विणता' असं विचारलं आहे आणि वस्त्राला 'गे' (म्हणजे आनंदी), 'ब्राइट' अशी विशेषणं आहेत. तिसऱ्यात 'का' गेलं, 'काय विणता' आलं, आणि वस्त्राचं विशेषण नाहीसं झालं. 'सॉलेम' आणि 'स्टिल' हे शब्द विणकरांना लागले. एका कडव्यात घडलेला एवढा बदल मुलांनी स्वतः शोधला की टोन बदलणं म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

टोन आणि मूड यांची गल्लत नेहमीची आहे. टोन बोलणाऱ्याचा, मूड वाचणाऱ्याच्या मनात तयार होणारा. बोलणारा शांत आणि गंभीर असूनही वाचणाऱ्याला भीती वाटू शकते. उत्तरात 'द टोन इज सॅड' एवढंच असेल तर पुढे 'कोणत्या शब्दावरून?' असं लिहून वही परत द्यावी.

कानाने ओळखायच्या गोष्टी

ॲलिटरेशन आणि यमक हे दोन्ही आवाजाचे विषय आहेत, आणि इंग्रजी स्पेलिंग इथे हमखास फसवतं. 'नाइट' म्हणजे सरदार आणि 'किंग' यांची सुरुवात एकाच अक्षराने होते, पण ॲलिटरेशन होत नाही. उलट 'फोन' आणि 'फिश' यांची अक्षरं वेगळी, आवाज एक, म्हणून होतं. 'सन' आणि 'शी' पुन्हा नाही. यावर मराठी मुलांच्या हातात उत्तम हत्यार आहे: शब्द देवनागरीत लिहा. पहिलं व्यंजन जुळलं तर ॲलिटरेशन. रॉबर्ट सदी या कवीच्या 'द इंचकेप रॉक' मधले 'मोशन' आणि 'ओशन' कागदावर इंग्रजीत वेगळे दिसतात, देवनागरीत यमक लगेच उघडं पडतं. 'कम' आणि 'होम' इंग्रजीत जुळल्यासारखे दिसतात, देवनागरीत नाही.

मराठीतले अलंकार मुलांना येत असतात आणि त्याचा फायदा घ्यावाच, पण दोन ठिकाणी जपून. अनुप्रासात वर्ण शब्दात कुठेही पुन्हा आला तरी चालतो. ॲलिटरेशनमध्ये शब्दाचा आरंभीचा आवाज पाहतात. आणि मराठीत 'जणू', 'वाटे' असले की उत्प्रेक्षा वेगळी काढतात; इंग्रजीत 'ॲज इफ' ने आलेली कल्पना बोर्डाच्या उत्तरात सिमिलीतच जाते. उपमा, रूपक आणि चेतनगुणोक्ती मात्र सरळ सिमिली, मेटाफर आणि पर्सॉनिफिकेशनशी जुळतात.

यमकाची योजना लिहिताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे अंदाजाने 'ए बी ए बी' ठोकणं. तीन कविता शेजारी ठेवून हे मोडता येतं. 'इंचकेप रॉक' मध्ये 'सी-बी', 'मोशन-ओशन', म्हणजे ए ए बी बी. डेव्हिसच्या 'मनी' मध्ये पहिल्या ओळीचा 'ओ' आणि तिसऱ्या ओळीचा 'फ्रेंड' जुळत नाहीत, 'पुअर' आणि 'डोअर' जुळतात, म्हणून ए बी सी बी. बायरनच्या 'शी वॉक्स इन ब्युटी' मध्ये 'नाइट, स्काइज, ब्राइट, आइज, लाइट, डिनाइज' असं सहा ओळींचं कडवं, म्हणजे ए बी ए बी ए बी. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द देवनागरीत खाली खाली लिहून काढावा. मिनिटभराचं काम आहे.

मुक्तछंदात 'देअर इज नो राइम स्कीम' लिहून मुलं थांबतात. ते अर्धं उत्तर झालं. मग कविता कशाने बांधली आहे? व्हिटमनच्या 'साँग ऑफ द ओपन रोड' मध्ये पुन्हा पुन्हा येणारी 'आय' ची वाक्यं, याद्या आणि श्वासाएवढ्या ओळी. तेही लिहायला हवं.

जवळजवळच्या संज्ञा जोडीनेच शिकवाव्यात

ऑक्सिमोरॉन, पॅराडॉक्स आणि अँटिथेसिस यांच्या व्याख्या तीन वेगळ्या दिवशी दिल्या तर तिन्ही 'विरोध' या एका शब्दाखाली जमा होतात. एकाच दिवशी द्याव्यात. शेजारशेजारचे दोन शब्द भांडत असतील तर ऑक्सिमोरॉन: 'ओपन सीक्रेट'. पूर्ण विधान ऐकताना अशक्य वाटतं पण विचार केल्यावर खरं ठरतं, तर पॅराडॉक्स: वर्ड्सवर्थचं 'द चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन', किंवा 'मनी' च्या सुरुवातीला पैसे होते तोवर आनंद नव्हता, गरीब झाल्यावर तो मिळाला हे म्हणणं. वाक्याच्या दोन पारड्यांत दोन विरोधी कल्पना तोलून ठेवल्या तर अँटिथेसिस: पोपचं 'टू एर इज ह्यूमन, टू फर्गिव्ह डिव्हाइन'. यात अशक्य असं काही नाही, म्हणून तो पॅराडॉक्स नव्हे. विचारायचे प्रश्न दोनच: भांडण दोन शब्दांत आहे की विधानात? आणि विधान ऐकताना खोटं वाटलं का?

आयरनीचंही तसंच. 'इंचकेप रॉक' मध्ये राल्फ हा समुद्री चाचा खडकावरची इशाऱ्याची घंटा कापून टाकतो, आणि पुढे लूट घेऊन परतताना त्याच खडकावर आपटतो. घंटा असती तर वाचला असता. ही सिच्युएशनल आयरनी, म्हणजे घडतं ते अपेक्षेच्या उलट. पण 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' च्या शेवटी नायक फॉगला आपण ऐंशी दिवसांची पैज हरलो असं वाटतं आणि पूर्वेकडे प्रवास केल्यामुळे एक दिवस वाचलेला असतो, याला ड्रॅमॅटिक आयरनी म्हणता येत नाही, कारण तोपर्यंत वाचकालाही ते सांगितलेलं नाही. वाचकाला ठाऊक आणि पात्राला नाही, तरच ड्रॅमॅटिक.

नाव ओळखल्यावर परिणाम लिहायचा असतो, आणि गुण इथे गळतात. 'द पोएट हॅज युज्ड सिमिली टू मेक द पोएम ब्युटिफुल' हे वाक्य कोणत्याही कवितेला चिकटतं, म्हणून ते कोणत्याच कवितेचं नाही. दिलीप चित्रे यांच्या 'फादर रिटर्निंग होम' मध्ये वडील लोकलमधून उतरतात ते एखाद्या लांब वाक्यातून गळलेल्या शब्दासारखे. उत्तर असं व्हावं: लांब वाक्य म्हणजे गर्दीची गाडी, गळलेला शब्द म्हणजे वडील, शब्द गळूनही वाक्य पुढे सरकतं, तशी गाडी त्यांच्याशिवाय पुढे जाते, त्यातून त्यांचं एकटेपण आणि कुणाच्या खिजगणतीत नसणं कळतं. तुलनेच्या दोन्ही बाजू, त्यांना जोडणारा धागा, आणि या कवितेतला अर्थ, एवढ्या तीन गोष्टी. रसग्रहणाच्या 4 गुणांच्या प्रश्नातही अलंकाराचा मुद्दा असाच लिहावा. सहा अलंकारांची नुसती नावं देण्यापेक्षा दोन नीट उलगडलेले बरे.

मांडणी: लातूरचं पाणी पाच प्रकारे

मजकुराच्या मांडणीचे पाच प्रकार इंग्रजीच्या वर्गात घेतात: वर्णन, क्रम, तुलना, कारण-परिणाम, समस्या-उपाय. खुणेचे शब्द पाठ करून घेण्याची पद्धत इथेही दगा देते. 'सिन्स' म्हणजे 'पासून' आणि 'कारण' दोन्ही. 'व्हाइल' वेळही सांगतं, विरोधही. 'फर्स्ट, सेकंड' असले तरी ती मुद्द्यांची यादी असू शकते, क्रम नसू शकतो. क्रमाची चाचणी सोपी आहे: दोन वाक्यांची अदलाबदल करा, अर्थ मोडला तर क्रम, नाही मोडला तर यादी.

सगळ्यात उपयोगी सराव म्हणजे एकच विषय पाच मांडण्यांत लिहायला लावणं. विषय मुलांच्या माहितीतला हवा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, हा घ्या. वर्गाचे पाच गट करा, प्रत्येकाने इंग्रजीत पाच-सहा वाक्यं लिहावीत, वेळ 15 मिनिटं. वर्णनाचा गट नळावरच्या रांगा आणि घागरी रंगवतो. क्रमाचा गट लिहितो: रेल्वेच्या वाघिणी भरल्या, गाडी निघाली, लातूरला पाणी उतरवलं, शुद्ध केलं, टँकरने वस्त्यांत पोचवलं. कारण-परिणामाचा गट अपुरा पाऊस, जमिनीतल्या पाण्याचा उपसा आणि कोरडं पडलेलं मांजरा धरण एका साखळीत आणतो. तुलनेचा गट टँकर आणि रेल्वे शेजारी ठेवतो, पण एकाच कसोट्यांवर: किती पाणी, किती अंतर, किती वेळ. टँकरची क्षमता आणि रेल्वेचा खर्च अशी तिरकी तुलना बऱ्याच गटांची होते. तिथे थांबवून दुरुस्त करावं. समस्या-उपायाच्या गटाने उपायाची मर्यादाही सांगावी.

शेवटच्या दोन प्रकारांत फरक काय, असं मुलं विचारतातच. कारण-परिणामात घटना घडतात. समस्या-उपायात कुणीतरी काहीतरी करतं. परिच्छेदात तो 'कुणीतरी' शोधावा.

याचा थेट उपयोग समरी (सारांश) आणि माइंड मॅप (मुद्द्यांची आकृती) यांत होतो. प्रत्येक माइंड मॅप मधोमध वर्तुळ आणि आठ पाय असा कोळी काढून होत नाही. क्रमाला एकामागून एक बाण, तुलनेला दोन रकाने, कारणाला साखळी. कोळी फक्त वर्णनाला शोभतो. उताऱ्याची मांडणी ओळखली की आकृती आपोआप ठरते. समरीत परिणाम लिहून कारण गाळणं ही चूकही कमी होते.

साहित्यप्रकार

अकरावीला नाटक आणि बारावीला कादंबरी स्वतंत्र विभागात आहे. प्रकारांच्या व्याख्यांवर फार वेळ जाऊ नये. त्यापेक्षा पुस्तकातल्या तीन कादंबऱ्यांवर निवेदकाचा प्रश्न घ्यावा, कारण त्या अगदी सोयीच्या पडल्या आहेत. ब्रेथवेटची 'टू सर, विथ लव्ह' (1959) मध्ये नायकच 'मी' म्हणून सांगतो. 'द साइन ऑफ फोर' (1890) मध्येही 'मी' आहे, पण तो गुप्तहेर होम्सचा मित्र वॉटसन. होम्सच्या डोक्यात काय चाललंय ते त्याला कळत नाही, म्हणून आपल्यालाही नाही, आणि रहस्य टिकतं ते त्यामुळे. ज्यूल व्हर्नच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' मध्ये तृतीयपुरुषी निवेदक. 'ही कथा होम्सनेच सांगितली असती तर?' या एका प्रश्नावर दहा मिनिटं चर्चा होऊ द्यावी. डिटेक्टिव्ह कादंबरी हा प्रकार कशावर उभा आहे ते तिथे कळतं.

'साइन ऑफ फोर' मध्ये आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. आग्र्याच्या खजिन्याची हकीकत 1857 ची, सगळ्यात जुनी, पण ती जोनाथन स्मॉल हे पात्र सांगतं पुस्तकाच्या शेवटी. घटनांचा क्रम वेगळा, सांगण्याचा क्रम वेगळा. वहीत दोन समांतर रेघा मारून वर घटना, खाली प्रकरणं मांडली की फ्लॅशबॅक लगेच दिसतो.

थीम लिहिताना 'लव्ह', 'जस्टिस' असा एकच शब्द स्वीकारू नये. थीम हे पूर्ण वाक्य असतं: त्या विषयाबद्दल ही कादंबरी काय म्हणते. सेटिंगमध्येही फक्त 'लंडन' चालत नाही. ईस्ट एंडची गरिबी, युद्धानंतरचा काळ आणि वर्णभेद मिळून ब्रेथवेटच्या कादंबरीचं सेटिंग होतं.

कार्डांचा सराव आणि तपासणी

जोड्या जुळवण्याची कार्डं करायची असतील तर संख्या समान ठेवू नका. 8 संज्ञांना 10 उदाहरणं द्या, त्यातली 2 कुठेच न बसणारी. समान असली की शेवटच्या जोड्या उरलेल्या म्हणून जुळतात आणि आलं असं वाटतं. न बसणाऱ्या उदाहरणांत 'ॲज टॉल ॲज हिज ब्रदर' सारखं वाक्य हवंच. तीन-चार जणांचा गट, 12 मिनिटं, आणि प्रत्येक जोडीला तोंडी कारण.

कार्डं एकदा करून ठेवून देऊ नयेत. दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, दर वेळी नव्या ओळी घेऊन. जुन्याच ओळी दिल्या तर मुलं ओळ ओळखतात, अलंकार नाही.

वह्या तपासताना प्रत्येक उत्तरात तीन जागा पाहाव्यात: नाव बरोबर आहे का, शब्द उद्धृत केले आहेत का, परिणाम याच ओळीचा आहे का. कोणती जागा रिकामी आहे तिथे फक्त खूण करावी, उत्तर लिहून देऊ नये. ज्या मुलाची दुसरी जागा सतत रिकामी असते त्याला पुन्हा व्याख्या शिकवू नका; पेन्सिल देऊन कवितेत रेघ मारायला लावा. तिसरी रिकामी असणाऱ्याला ती तुलना काढून ओळ साध्या भाषेत लिहायला सांगा, आणि मग दोन्ही ओळी शेजारी ठेवून काय गेलं ते विचारा.